पगारामागं उभं काय?

सीबीडी बेलापूरच्या स्टेशनातून सकाळी बाहेर पडणारी गर्दी आपण कधी पाहिली आहे का? कोणी कोकण भवनाकडे वळतो, कोणी सिडको भवनाकडे, कोणी कोकण रेल्वेच्या कचेरीकडे, तर कोणी बँकेत जातो. बहुतेक सारी महिन्याच्या पगारावर जगणारी माणसं. घरभाडं, दूधवाला, मुलांची फी, घराच्या कर्जाचा हप्ता, असा सगळा प्रपंच एका तारखेला टांगलेला असतो. ती तारीख एके महिन्याला आलीच नाही तर? हा प्रश्न फार घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. तो नवा मात्र नाही. या खाडीच्या दोन्ही काठांवर तो पूर्वीही पडला होता, आणि लोकांनी त्याला कसं तोंड दिलं हे पाहण्यासारखं आहे.

पन्नास-साठ वर्षांमागं या जागी पगार हा शब्दच फारसा चालत नव्हता. बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे ही गावं भातशेतीची, मिठागरांची आणि मासेमारीची. पावसाळ्यात खाऱ्या बांधाआड भात लावायचं. पाऊस सरला की मिठागरात उतरायचं, ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत. अधल्यामधल्या दिवसांत खाडी होतीच. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं यांना कोणाची परवानगी लागत नसे. मिळकत थोडी होती आणि कर्ज पाचवीला पुजलेलं होतं. आग्रोळीत १९६१ पासून 'एक गाव एक गणपती' ही रीत चालत आली आहे. घरोघरच्या उत्सवापायी होणारा कर्जाचा बोजा टळला, हा तिचा लाभ काही लहानसहान नव्हे. गरिबी होतीच, पण ती मिळकत चार ठिकाणांहून येई. एक दोर तुटला तर माणूस लोंबकळत राही, कोसळत नसे.

या चार दोरांचं बळ किती, हे पाहायचं तर थोडं दक्षिणेला, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी जावं लागेल. १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. हा संप सुमारे सहा वर्षं चालला! शेतकऱ्यानं शेत पडीक टाकायचं म्हणजे आपल्याच हातानं चूल विझवायची. मग हे लोक जगले कशावर? डोंगरातल्या लाकडांच्या मोळ्या विकल्या, करवंदं विकली, खाडीत जाळं टाकलं, मिळेल तिथं मजुरी केली. हाल झाले, अंगावरचं किडूकमिडूक गेलं, पण सहा वर्षं गाव टिकून राहिलं. १९३९ साली मुंबई प्रांतात कुळकायदा झाला, त्यामागं या पडीक शेतांचाही वाटा होता.

आता खाडीपलीकडच्या गिरणगावात या. तिथं सगळं उलट होतं. लालबाग-परळच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला खाडी नव्हती आणि डोंगरही नव्हता. त्याला होती दहा तारीख. मोठ्या कारखान्यांनी महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार चुकता करावा, असा दंडक १९३६ च्या कायद्यानं घातला होता, आणि सारं गिरणगाव त्या दहा तारखेभोवती फिरत असे. वाण्याची वही दहाला मिटायची. खोलीचं भाडं दहानंतर. गावी मनीऑर्डर दहानंतर. आणि खाणावळीचे पैसेही त्याच सुमारास.

या खाणावळीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण गिरणगावच्या इतिहासात ती कोपऱ्यात पडून राहते. बायकामुलं गावी ठेवून आलेला कोकणातला, साताऱ्याकडला गडी एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवायचा. ती बाई बहुधा कामगाराचीच बायको. कधी नवऱ्याची गिरणी सुटलेली, कधी नवराच गेलेला. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक. महिनाभर धान्य उधारीवर आणायचं आणि पैसे मिळायचे महिनाअखेरीनंतर, म्हणजे मधल्या दिवसांचं व्याज तिच्या डोक्यावर. १९७४ च्या आरंभी गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. पगार थांबला, तरी या बायकांनी आपल्या गड्यांची ताटं थांबवली नाहीत. दागिने, भांडी गहाण टाकून त्यांनी चुली पेटत्या ठेवल्या. संप मिटला, त्यांचं कर्ज मिटलं नाही.

हे पाहिलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढं कामगार चळवळीत वावरलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी लहान माणसाला कर्ज द्यावं असं धोरण झालं होतं. बाईंनी तेच धोरण हाती धरून बँकेचं दार ठोठावलं आणि पहिल्यांदा चौदा बायकांना कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही. एकमेकींचा शब्द हेच तारण. आज बचत गट म्हणून जे सर्वत्र दिसतं, त्याची एक जुनी खूण इथं सापडते. याच मंडळाचं काम पुढं खाडी ओलांडून वाशीपर्यंत आलं.

मग १९८२ उजाडलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. साठेक गिरण्या थंडावल्या. पूर्वीचे संप महिन्या-दीड महिन्यात मिटत, तसाच हाही मिटेल असा हिशेब बहुतेक घरांनी केला होता. तो चुकला. संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही, आणि लाखभर तरी माणसं पुन्हा गिरणीच्या दारात शिरली नाहीत.

त्या घरांतला क्रम सर्वसाधारणपणे असा होता. आधी वाण्याची वही लांबली. मग वाण्यानं हात आखडता घेतला. त्याचाही बिचाऱ्याचा घाऊक बाजारातला पत्ता तुटत चालला होता. मग तांब्यापितळेची भांडी गेली, मग सोनं. ज्यांची गावी चार गुंठे जमीन होती ते परतले, आणि त्यांच्याबरोबर खाणावळीचं ताटही उठलं. गिरणी कामगाराची नोकरी गेली याची गणती झाली. खाणावळवालीचा धंदा बसला, तो कोणत्याही हजेरीपटावर नव्हता. ज्यांना गाव नव्हतं, किंवा गावात भाऊबंदांनी उभं केलं नाही, ते इथंच राहिले. कोणी रस्त्यावर भाजी मांडली, कोणी पहारेकऱ्याची काठी धरली. बायका धुण्याभांड्याला, पापड लाटायला, शिवणाला गेल्या. शिकणारा मोठा मुलगा शाळेतून निघाला. पुष्कळ घरांत नवऱ्याआधी बायकोला काम मिळालं, आणि घरात कोणी काय बोलायचं याचा तोलही बदलला. त्याचं कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की तिची घरातली कामं काही कमी झाली नव्हती.

सरकारनं काही केलं नव्हतं का? केलं होतं, पण कसं ते पाहा. १९५२ साली भविष्य निर्वाह निधी आला. १९५३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामावरून कमी केलेल्याला दर वर्षाच्या नोकरीमागं पंधरा दिवसांचा पगार देण्याची तरतूद झाली. १९७२ साली उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. हे सारे पैसे एकरकमी मिळायचे. महिन्याच्या महिन्याला काही येईल अशी सोय महाराष्ट्रानं एकच केली, ती रोजगार हमी. आणि ती खेड्यापुरती. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, तो प्रामुख्यानं शहरातल्या पगारदारांवर. खेड्यातल्या बेकाराच्या रोजीला हातभार लावणाऱ्या या पगारदाराची स्वतःची नोकरी गेली, तर शहरात त्याच्यासाठी तशी हमी नव्हती. गावी परतलेल्या एखाद्या जॉबरला हमीच्या कामावर खडी फोडायला उभं राहायला हरकत नव्हती म्हणा!

एकरकमी पैशाची गोष्ट बेलापूरच्या बाजूला आणखी ठळक दिसते. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेण्याचं काम सुरू झालं. कागदावर हे भूसंपादन होतं. घराच्या दृष्टीनं पाहिलं तर शेती, मिठागर आणि खाडीकाठ या तिन्हींचं काम एकदम सुटणं होतं. बदल्यात मोबदला मिळाला. लोकांनी घर बांधलं, लग्नं केली, कोणी गाडी घेतली. 'यांनी पैसे उडवले' असं नंतर आलेले शहरवासी सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. आयुष्यभर पायली-अर्ध्या पायलीनं मिळकत पाहिलेल्या माणसाच्या हाती एकाच दिवशी गठ्ठा ठेवायचा, उद्याचं काम मात्र ठेवायचं नाही, आणि मग त्याला काटकसर शिकवायची, हा न्याय नव्हे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात मोठं आंदोलन झालं. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारांत पाच माणसं मारली गेली. त्यातून पुढं विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा आला. गठ्ठा नको, वाटा हवा, एवढाच त्या मागणीचा साधा अर्थ होता.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले होते, त्यांत काही भूमिपुत्रांना काम मिळालं. पुढं त्यांतलेही काही बंद पडले. २००५ साली कामगार विमा योजनेत बेकारी भत्ता आला. कारखाना बंद पडला, तर विमाधारकाला काही महिने पगाराचा अर्धा हिस्सा मिळू लागला. पहिल्यांदा कोणाला तरी सुचलं, की नोकरी गेलेल्या माणसालाही पहिली तारीख असते.

आणि गिरणी कामगार? बंद गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, तेव्हा त्यानं घरासाठी हक्क मागितला. २ डिसेंबर २०१६ रोजी पनवेलजवळच्या कोन इथल्या २,४१७ घरांची सोडत निघाली. घराची किंमत होती सहा लाख रुपये. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार तोवर चौसष्टीत पोचला होता, आणि पुष्कळांच्या जागी अर्जावर त्यांच्या वारसांचं नाव होतं.