माळ्यावरचा मावळ

छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती आता १९ फेब्रुवारीला साजरी होते, त्या तारखेचा पहिला भक्कम पुरावा राजवाड्यात किंवा दरबारी दप्तरात मिळाला नाही. तो मिळाला भोरजवळच्या एका डोंगरी घराण्याच्या कागदांत. रायरेश्वराच्या पायथ्याचं कारी हे जेधे देशमुखांचं गाव. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घडामोडींची तिथी-वारांसह केलेली त्रोटक टिपणं या घराण्यानं जपली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तीच जेधे शकावली. तिच्यात महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदलेला होता. तोवर बखरींवर भिस्त ठेवून शके १५४९चा वैशाख धरला जाई. त्या जुन्या हिशेबानं १९२७ साली त्रिशताब्दीचा उत्सवही झाला! पुढे तंजावरला सापडलेल्या शिवभारतानं आणि राजस्थानात मिळालेल्या जन्मपत्रिकेनं कारीच्या टिपणाला दुजोरा दिला. सरकारदरबारी नवी तारीख रुजू व्हायला मात्र २००१ साल उजाडलं.

एका घरच्या कागदांनी राज्याचं पंचांग बदललं, असा हा मामला आहे. पण जेध्यांनी ते कागद इतिहासासाठी ठेवले असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारी खोरी म्हणजे मावळ. एकेका नदीचं एकेक खोरं, आणि खोऱ्याचा बहुधा एकेक देशमुख. रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. जमीन उताराची, पिकं नाचणी-वरईची, भात मिळेल तिथं. उत्पन्न तुटपुंजं असलं की हक्काचा कवडीकवडीचा हिशेब लागतो. देशमुखीचा वाटा, गावोगावचे मानपान, शीव कुठून कुठे जाते, थोरली पाती कुणाची आणि धाकटी कुणाची, यावर पिढ्यान् पिढ्या भांडणं चालत. भांडण गोतसभेपुढे गेलं की निवाड्याचा महजर होई. त्यावर वतनदारांच्या साक्षी पडत. लिहिता न येणारा पाटील नावापुढे नांगराची निशाणी करी. असा महजर ज्याच्या घरात, वतन त्याचं. वाद पुन्हा उभा राहिला तर घराण्याची सगळी हकीकत मांडणारा करीना लिहून सादर करावा लागे. कान्होजी जेध्यांनी अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडलं, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो अशाच एका करीन्यामुळे. जून १६५९चं आदिलशाही फर्मान, ज्यात कान्होजींना खानाला मिळण्याचा हुकूम होता, तेही घराण्याच्या कागदांत टिकलं. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले, हे शेजाऱ्यांनी विसरू दिलं नाही. शेजाऱ्यांच्या या आठवणीमागे स्वामिनिष्ठा होती, तसा वतनाचा हिशेबही होता.

म्हणून मावळातलं दप्तर म्हणजे भाऊबंदकीचं दप्तर. भांडण जितकं चिवट तितका कागद सुरक्षित. गुण्यागोविंदानं नांदलेल्या घराण्यांनी मागे फारसं काही ठेवलेलं नाही, आणि इतिहासकारांना त्यांच्याविषयी सांगण्यासारखं थोडंच सापडतं.

याला एक काळी बाजूही आहे. ज्या कागदानं वतन मिळतं तो कागद बनवलाही जातो. खोटे शिक्के, जुनं भासावं म्हणून धुरकटवलेलं कोरं पान, मरून गेलेल्या साक्षीदारांची नावं, हे सगळं मराठी दप्तरांत आहे. त्यामुळे मायना त्या काळचा आहे का, सुहूर सन आणि तिथी जुळतात का, शिक्का कुठे उमटला आहे, हे तपासल्याशिवाय जाणकार पुढे जात नाहीत. शिवाजी महाराजांच्या नावानं दादाजी नरसप्रभूंना उद्देशून लिहिलेलं १६४५चं पत्र घ्या. रोहिड खोऱ्यातल्याच या घराण्याचं ते पत्र इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी आपल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ मालेच्या पंधराव्या खंडात छापलं. ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दांचा सर्वाधिक दिला जाणारा आधार तोच. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही. ज्या शब्दांवर एवढी भाषणं झाली, त्यांचा पाया असा एका घराच्या रुमालात बांधलेला आहे.

रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं. खारव्याच्या किंवा जाड्याभरड्या कापडात कागद बांधायचे आणि माळ्यावर टाकायचे, ही जुनी रीत. जिथे चुलीचा धूर पोचतो तिथे वाळवी कमी फिरकते, हे शास्त्र न शिकता लोकांना कळलेलं होतं. रुमालात वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, कुठे सापाची कातसुद्धा सापडते. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादचा, चिंध्यांच्या लगद्यापासून हातानं केलेला, म्हणून चिवट. शाई काजळीची. ती उन्हानं उडत नाही, पण पाण्यानं पसरते. आणि पाणी तर इथे चार महिने. मावळाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक कौल सरकलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर एका पावसाळ्यात तीनशे वर्षांचं ढेकूळ होतं. तरीही सतराव्या शतकातला कागद आज बोटानं उलटता येतो आणि इंग्रजी अमलातली शंभर वर्षांपूर्वीची नोटीस घडीवर तुटते. गिरणीतल्या लाकडी लगद्याच्या कागदात आम्ल असतं, ते त्याला आतून खातं.

इंग्रज आले तेव्हा हे रुमाल एकदम खाली आले. १८५२च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि सनद दाखवा, नाहीतर इनाम सोडा, असा प्रकार सुरू झाला. ज्यांचे कागद धामधुमीत किंवा आगीत गेले होते, ते उघडे पडले. कमिशनपुढे गेलेले पुष्कळ कागद घरी परतलेच नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तराच्या दगडी इमारतीत आज जे हजारो रुमाल आहेत, त्यांत असेही आहेत. या अनुभवानं घराणी सावध झाली. कागद मागायला आलेला माणूस म्हणजे जमीन घ्यायला आलेला माणूस, हा धडा दोन पिढ्या पुरला.

तो धडा विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना भोगावा लागला. वाईला मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी पानिपतावरचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि मग आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड झाले. त्यांतले काही मावळच्या घराण्यांनी भरलेले आहेत. काही घरांत त्यांना पान लावून जेवायला घातलं जाई आणि दप्तर मात्र ‘सापडत नसे’. काही ठिकाणी उलट प्रकार. मोडी वाचणारा घरात उरला नव्हता, म्हणून कागद वाण्याकडे रद्दीत गेलेले आणि पुड्या बांधून संपलेले. राजवाड्यांचा स्वभाव तिखट होता. त्या तिखटपणात अशा पुड्यांचा वाटा किती, हे मोजण्यासारखं आहे. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. मंडळानं घराण्यांना एक नवा पर्याय दिला: कागद सरकारजमा होणार नाही आणि रद्दीतही जाणार नाही. ग. ह. खऱ्यांसारख्या माणसानं तिथे उभं आयुष्य घालवून फार्सी फर्मानांचे मराठी अर्थ लावले. त्याअगोदर कित्येक देशमुखांच्या घरी ती फर्मानं नुसती पुजली जात. त्यांत काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं.

विसाव्या शतकात दोन गोष्टींनी माळा रिकामा केला. एक म्हणजे वतनं गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्यानं खालसा झाली, त्याच सुमारास शाळांतून मोडीही हद्दपार झाली. हक्क संपला आणि लिपीही संपली. मग गाठोडं जागा अडवू लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे धरणं. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांची घरं पाण्याखाली गेली, त्यांनी उचलून काय नेलं? देव, भांडी, गुरं आणि संपादनाच्या नोटिसा. नोटिसा टिकल्या, कारण त्यांच्यावर मोबदला अवलंबून होता. जुने रुमाल त्या मानानं जड होते. पुढे कोयनेच्या खोऱ्यातही तेच झालं. तिथल्या विस्थापितांच्या मुला-नातवंडांना अजून मोर्चे काढावे लागतात, आणि त्यांच्या पिशवीतला सर्वांत जपलेला कागद असतो तो प्रकल्पग्रस्ताचा दाखला.

याच शतकात घरात एक निराळा ऐवज आला, आणि तो मुंबईहून आला. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव इथला तरुण गडी गिरणीत, गोदीत किंवा डब्याच्या धंद्यात गेला. डबेवाल्यांचा धंदाच १८९०च्या सुमाराचा. गावी येत ती मनीऑर्डर. तिच्या कुपनावरच्या चार ओळी हे कित्येक घरांचं पहिलं खाजगी पत्र. आणि कधीतरी येई तो फोटो. रंगवलेला पडदा, कुंडी, खुर्चीत बसलेला नवरा, बाजूला उभी नवी नवरी. वतनाच्या कागदात बाई फारशी येत नाही. एखादी विधवा हक्क सांगायला उभी राहिली तर तेवढंच तिचं नाव. फोटोत मात्र ती आहे: नथ, ठुशी, कासोटा, कमरेवर बसवलेलं मूल.

पण फोटोला दावा नव्हता. त्याच्या बळावर जमीन मिळत नाही की मोबदला मिळत नाही. शिवाय तो कागदाहून नाजूक. जिलेटिनचा थर ओल पितो, फुगतो आणि तसबिरीच्या काचेला चिकटून बसतो. घाईनं ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि पुठ्ठा हातात येतो. असा फोटो काचेसकटच स्कॅन करावा. पुष्कळांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत चिकट पानांच्या अल्बमांत फोटो घातले. तो डिंक आता पिवळा होऊन फोटोत उतरतोय. ज्यांनी सनदा लॅमिनेट करून घेतल्या त्यांनी तर प्रेमापोटी नुकसान केलं. उष्णतेनं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि आतली ओल आतच राहते. सेलोटेपविषयी बोलायलाच नको.

अलीकडे वारं फिरलं. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीपायी कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. सापडलेल्या नोंदींचा सरकारी आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. लोक पुन्हा माळ्यावर चढले. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेचे दाखले, महसुली कागद, आजोबांची ट्रंक, सगळं उपसलं गेलं. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांना पूर्वी इतिहासाचे विद्यार्थी येत, आता ज्यांना स्वतःच्याच घरचं वाचायचं आहे असे लोकही येतात. यात वाईट काही नाही, पेशवाईतही माळ्याची शिडी दाव्यासाठीच लागत असे. अडचण एवढीच की आत्ताचा शोध एका शब्दापुरता असतो. तो शब्द मिळाला की पानाचा फोटो काढला जातो, आणि त्याच पानावरची शिवेची भांडणं, दुष्काळातली सूट, परगावी गेलेल्या भावाची नोंद तशीच पुन्हा बांधली जाते. तो फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो, म्हणजे निम्मी अक्षरं वाटेतच पुसट होतात.

दाव्याच्या कागदांची काळजी आता काही काळ घेतली जाईल. मुंबईहून आलेल्या त्या फोटोंचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्यांना खरी घाई आहे. कागदावर नावं असतात, फोटोवर बहुधा नसतात. ती नावं एखाद्या म्हाताऱ्या आत्याच्या किंवा चुलत आजीच्या डोक्यात असतात. तिला घेऊन बसावं, फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनं लिहावं. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. कोण, कुठल्या गावचं, नातं काय, फोटो कुठल्या स्टुडिओत काढला, साल निदान अंदाजानं. अंगातला कोट आणि मनगटावरचं घड्याळ स्वतःचं होतं की स्टुडिओवाल्यानं फोटोपुरतं दिलेलं, हेही विचारून ठेवावं. नाहीतर शंभर वर्षांनी कुणीतरी संशोधक त्या घड्याळावरून घराण्याच्या सुबत्तेवर निबंध लिहील.