गवंड्याची पहार

कुत्रं अंगावर धावून आलं की माणसाच्या साऱ्या पदव्या गळून पडतात. त्या क्षणी बी.ए. काय नि मॅट्रिक नापास काय, प्रश्न एकच उरतो : हातात काय आहे? छत्री असेल तर छत्री, पिशवी असेल तर पिशवी, नाहीतर पायातली वहाण. दुधाची बरणी पुढे करून कुत्र्याशी तह करू पाहणारे गृहस्थही मी पाहिले आहेत.

पण कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर धावून गेलं की प्रश्न बदलतो. मग आपण बघे होतो. बघ्याजवळ सल्ले भरपूर असतात. “पळू नका हो, पळू नका!” असं ओरडणारा इसम नेहमी ओट्यावर उभा असतो आणि त्याच्या मागे दार उघडं असतं. “खाली बसा, दगड उचलल्यासारखं करा!” हे दुसऱ्या मजल्यावरून येतं. सल्ला वाईट नसतो. फक्त तो देणाऱ्याच्या हातात काठी असली तरी ती जिना उतरत नाही.

जिना उतरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो गवंडी होता.

साल १८८५, तारीख ४ जुलै, मुलूख आल्सास. आल्सास म्हणजे आज फ्रान्सचा, पण १८७१ च्या लढाईनंतर जर्मनीने गिळलेला प्रांत. जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आडवाटेने एकटाच शाळेला निघाला होता. वाटेत कुत्र्यानं त्याला पाडलं. एवढंसं पोर, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, बस्स. लांबून एका गवंड्यानं हे पाहिलं. तो धावत आला, हातातल्या लोखंडी पहारेनं त्यानं कुत्र्याला हुसकावलं आणि रक्तानं नि लाळेनं माखलेल्या पोराला उचललं. पोराच्या अंगावर चौदा जखमा होत्या.

कुत्रं तिथून निघालं ते आपल्या घरी गेलं. मालक किराणा दुकानदार. त्याच्याही दंडाला ते चावलं. तेव्हा मालकानं बंदूक काढली आणि त्याला गोळी घातली. म्हणजे गावात बंदूक होती, ती चालवणारा होता. पण ती बाहेर आली मालकाचा स्वतःचा दंड धरल्यावर. परक्याच्या पोरासाठी आली ती पहार.

पाश्चरच्या जावयानं १९०० साली सासऱ्याचं भलंमोठं चरित्र छापलं. (सासऱ्याचं चरित्र, तेही कौतुकानं लिहिणारा जावई आपल्याकडे शोधून सापडायचा नाही.) त्यात या दुकानदाराचं नाव आहे, आडनाव आहे, दुकान कसलं तेही आहे. कुत्र्याच्या पोटात गवत नि लाकडाचे तुकडे सापडले, याचीही नोंद आहे. गवंडी मात्र नुसताच ‘एक गवंडी’.

आता या गवंड्यानं काय केलं ते नीट समजून घ्यायचं तर पाश्चरच्या आधीचा इलाज माहीत हवा. १८३१ साली पिसाळलेल्या लांडग्यानं फ्रान्सच्या ज्युरा भागात धुमाकूळ घातला होता. चावलेल्या माणसांना आर्ब्वा गावच्या लोहाराकडे आणत आणि लोहार लालभडक तापवलेली सळई जखमेत घाली. त्या माणसांच्या किंकाळ्या ऐकणाऱ्या गावकऱ्यांत आठ वर्षांचा लुई पाश्चर होता. आणि एवढं भाजून घेऊनही माणूस वाचेलच याची खात्री नव्हती. पाण्याची भीती सुरू झाली की संपलं. हे त्या काळी वैद्यालाच नव्हे, गुराख्यालाही ठाऊक होतं. पहार कितीही लांब असली तरी ती धरणारा हात अखेर माणसाचाच असतो. गवंडी धावला तो हे सगळं जमेस धरून.

बघ्यांच्या हातात काठी येते ती नेहमी माणसासाठीच येते असंही नाही म्हणा. आपल्या मुंबईचंच घ्या. कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता, दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हणजे त्या काळी चैन! शिपाई अर्थातच भटकं कोण नि पाळलेलं कोण याची फार चौकशी करीनात. ६ जून १८३२ ला कोटातले पारशी खवळले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान मोठा, मृताला कुत्र्याचं दर्शन घडवल्याशिवाय अंत्यविधी पुरा होत नाही. त्यांनी शिपायांना बडवलं, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवली आणि गोऱ्या पलटणीला रस्त्यावर यावं लागलं. शांत म्हणून नावाजलेल्या पारश्यांनी दंगा केला तो कुत्र्यांसाठी, यावरून माणसं या प्राण्यापायी कुठवर जातात ते कळावं.

असो. मायस्टरला ६ जुलैला पॅरिसला आणलं. पाश्चर डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. कायद्यानं त्याला सुई टोचता येत नव्हती. सुई डॉक्टर ग्रांशे यांच्या हातात, औषध पाश्चरचं, आणि पोट मायस्टरचं. सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेलं औषध, दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा. माणसावर ते कामी येतं की नाही हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. पाश्चरला रात्र रात्र झोप नव्हती. दुकानदारही तपासून घ्यायला सोबत गेला होता; सदऱ्यावरून चावल्यामुळे त्याच्या कातडीला दात लागलाच नव्हता, त्याला घरी जायला सांगितलं. पोरगं जगलं.

तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, ज्युरातल्या व्हिलेर-फार्ले गावी दुसरं कुत्रं निघालं. हे गाव पाश्चरच्या बालपणीच्या मुलखातलं. कुरणात सहा मेंढपाळ पोरं होती. तोंडाला फेस आलेलं थोराड कुत्रं पाहून ती पळत सुटली. त्यात सगळ्यात मोठा झां-बाप्तिस्त ज्युपी, वय पंधरा. हातात काय? चाबूक. तोही मेंढ्यांवर उगारायचा. ज्युपी पळता पळता उलटा फिरला आणि धाकट्यांना वाट मिळावी म्हणून कुत्र्याच्या आडवा उभा राहिला.

पुढचं वाचताना अजून अंगावर काटा येतो. कुत्र्यानं त्याचा डावा हात पकडला. त्यानं कुत्र्याला खाली पाडून त्याच्यावर गुडघा दिला आणि उजव्या हातानं जबडा फाकवून डावा सोडवला. त्या भानगडीत उजवाही चावून निघाला. चाबूक तर केव्हाच पडला होता. धाकट्या भावाला हाक मारून त्यानं तो मागवला, त्याच्या वादीनं कुत्र्याचं तोंड आवळून बांधलं. मग पायातला लाकडी जोडा काढला. हा जोडा म्हणजे आपल्या खडावांचा थोरला भाऊ. त्यानं डोक्यात घाव घातले. एवढ्यावर न थांबता कुत्र्याला ओढत ओढ्यापर्यंत नेऊन त्याचं डोकं पाण्यात दाबून धरलं. पंधराव्या वर्षी आम्ही मारकुट्या मास्तरांच्या तासाला मागच्या दारानं निसटत होतो.

गावच्या मेयरनं पाश्चरला पत्र लिहिलं. मेयर म्हणजे आपला सरपंच. पण पत्र लगोलग लिहिणारा. तरी ज्युपी पॅरिसला पोहोचेपर्यंत सहा दिवस गेले होते. मायस्टरच्या वेळी अडीचच दिवस गेले होते. इतक्या उशिरा औषध चालेल का? २० ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली. २६ तारखेला पाश्चरनं विज्ञान अकादमीत दोन्ही मुलांची हकिगत वाचली. ती ऐकून एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, या मेंढपाळाला सद्वर्तनाचं पारितोषिक मिळालं पाहिजे. विज्ञानाच्या सभेत कुणाला विज्ञान सोडून दुसरं काही सुचल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं. ज्युपी जगला, त्याला पारितोषिकही मिळालं.

आणि पाश्चरची पत्रं! जगभरातून चावलेली माणसं दाराशी रांगा लावताहेत आणि हा थोर गृहस्थ ज्युपीला लिहितोय की अक्षर जरा सुधारलंय, पण शुद्धलेखनाकडे लक्ष दे. मास्तर कोण आहेत? घरी अभ्यास करतोस का? तो मायस्टर बघ, तुझ्याहून लहान, पण तुझ्यापेक्षा भरभर सुधारतोय! पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा हातानं फाकवलेल्या पोरालाही ‘शेजारचा बंडू बघ’ हे चुकलं नाही. शेवटी मेयरसाहेबांचे उपकार विसरू नकोस, असंही बजावलं होतं.

आपल्याकडे १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं. तिथल्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पोटात चौदा इंजेक्शनं हे दोन शब्द गोळ्यासारखे बसले. आमच्या लहानपणी कुत्र्याहून त्या चौदांची धास्ती जास्त. बघे ओट्यावरून खाली का येत नसत याचं निम्मं कारण तेच असावं. दुसऱ्याचं पोर सोडवायला जायचं आणि पंधरवडाभर आपलं पोट उघडं टाकून दवाखान्यात आडवं व्हायचं! डिसेंबर २००४ पासून ती लस देशात बनवायची बंद झाली. आता सुई दंडात, तीही मोजक्या वेळा. जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन तडक दवाखाना गाठायचा, एवढं केलं तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मात्र आजही जवळजवळ कोणी वाचत नाही. ओटे तेवढे अजून भरलेलेच दिसतात.

१८८८ साली पॅरिसला पाश्चरच्या नावाची मोठी संस्था उभी राहिली. तिच्या आवारात पुतळा बसवला तो कुत्र्याशी झुंजणाऱ्या ज्युपीचा. पुढे ज्युपी आणि मायस्टर दोघेही त्याच संस्थेत पहारेकरी म्हणून नोकरीला लागले. एकाला कुरणात भावंडांसाठी उभं राहायची सवय होती, दुसऱ्याला पहारेची किंमत ठाऊक होती. ज्युपी १९२३ साली वारला. तोवर रोज कामावर जाता-येता पन्नाशीतला तो गृहस्थ पंधरा वर्षांच्या स्वतःच्या पुतळ्यावरून जात असे, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.