बंद करू नये

आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक लाकडी एक्स्टेंशन बोर्ड आहे. त्याच्या बटणाशेजारी कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. कागद कधीच गेला, गोंदाचा पिवळा डाग तेवढा राहिला. पट्टीवर ह्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या : 'बंद करू नये. बंद न करें.' मराठी ओळ घरच्यांसाठी, हिंदी कामवालीसाठी आणि सी.पी.डब्ल्यू.डी.च्या, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याच्या इन्क्वायरीतून येणाऱ्या वायरमनसाठी. २००१ ते २०१२ अशी अकरा वर्षं आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरमधला कॉम्प्युटर त्या पट्टीच्या हुकमाने रात्रंदिवस चालू होता. हा हुकूम आमच्या घरात आणला तो मीच.

लग्न होऊन मी सांगलीहून दिल्लीला आले आणि १९७९ साली एका सरकारी कचेरीत पंच ऑपरेटर म्हणून लागले. रामकृष्ण परमहंसांच्या नावाची ही वसाहत तेव्हा आजच्याइतकी दाट नव्हती. दुमजली-तिमजली सरकारी घरं, मधे कडुलिंब, टेकडीवर १९७३ साली उभं राहिलेलं तमिळ मंडळींचं मलाई मंदिर, आणि सेक्टर १ च्या अंगाला ईस्ट ब्लॉक, वेस्ट ब्लॉक असे कचेऱ्यांचे लांबलचक ठोकळे. त्यातल्या ईस्ट ब्लॉक १० मध्ये भारत सरकारच्या सांख्यिकी विभागाचं कॉम्प्युटर सेंटर. ते १९६७ साली हनीवेल ४०० या यंत्रांवर सुरू झालं. हनीवेल ४०० म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारी, चुंबकीय टेपच्या रिळांवर माहिती ठेवणारी पिढी. भाजी आणायला जाताना आम्ही ज्या भिंतींवरून जायचो, त्यांच्या आत देशभरच्या पाहण्यांचे आकडे दळले जात होते. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती, आणि मला तो वाटे.

आमचं काम त्या दळणाचं धान्य निवडण्याचं. एका कार्डात ऐंशी रकाने. फॉर्मवरचा आकडा बघायचा, कळ दाबायची, कार्डाला चौकोनी भोक पडायचं. मग तेच कार्ड दुसरी बाई तपासणीच्या यंत्रावर घेई आणि तेच आकडे पुन्हा दाबे. दोघींचं जुळलं की कार्डाच्या उजव्या कडेला एक बारीक खाच पडायची. खाच पडलेल्या कार्डांचा गठ्ठा बोटाने चाचपला तरी कळायचं, सगळी बरोबर आहेत. संध्याकाळी टेबलाखाली भोकांच्या कागदी तुकड्यांचा कोंडा साचलेला असे. बाद कार्डांच्या पाठीवर आम्ही वाणसामानाची यादी करायचो.

मशीन रूममध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तो दिवस मेमधला. बाहेर लू चालली होती आणि आत अंगावर काटा येईल इतका गारवा. चपला दाराशी काढायच्या. आत रात्रपाळीची माणसं शाल पांघरून बसलेली. तिथल्या एका वयस्क ऑपरेटरनी मला सांगितलेलं वाक्य मी घरी घेऊन आले : "चालू यंत्र मरत नाही. यंत्र मरतं ते चालू करताना."

हे वाक्य त्यांचंही नव्हतं. कॉम्प्युटरइतकंच ते जुनं आहे. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे एनिअ‍ॅकमध्ये सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. काचेतली तार तापताना आणि निवताना ताणली जाते, म्हणून बहुतेक व्हॉल्व्ह यंत्र सुरू किंवा बंद करतानाच जायचे. तेव्हा तिथल्या इंजिनियरांनी ठरवलं, बंदच करायचं नाही. मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला २९ जुलै १९४७ ला सुरू केलेलं ते यंत्र २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री पावणेबाराला थांबवलं. दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज ते खात होतं. आणि एवढं करूनही एकदाही न अडखळता ते सलग चाललं ते जास्तीत जास्त ११६ तास. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली उभ्या राहिलेल्या टिफ्रॅकमध्येही सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हच्या त्या पिढीचा अनुभव ट्रान्झिस्टरच्या पिढीने रीत म्हणून उचलला. ट्रान्झिस्टरमध्ये तापणारी तार नसते. पण रीत काही तारेला विचारून चालत नाही.

नंतर कचेरीत पर्सनल कॉम्प्युटर आले. तेव्हा रीत उलटी झाली. संध्याकाळी डॉसवर 'पार्क' असा हुकूम द्यायचा, म्हणजे हार्ड डिस्कचं वाचणारं टोक सुरक्षित जागी जाऊन बसतं; मग बटण बंद, वर कापडी झाकण. ती झाकणं आमच्यातल्याच दोघीतिघींनी शिवली होती. रोज संध्याकाळी हे करताना मला देवघर आवरल्यासारखं वाटायचं. तरीही ऑपरेटरांचं ते जुनं वाक्य मनातून गेलं नव्हतं.

१९९८ साली ह्यांनी कॉम्प्युटर अ‍ॅडव्हान्स काढला आणि नेहरू प्लेसहून जोडून घेतलेला पेंटियम घरी आला. त्याच्या तीन वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. पण वर्षाला २५० तासांसाठी पंधरा हजार रुपये आमच्यासारख्यांना कुठून परवडणार? आमचा कॉम्प्युटर मुलांच्या अभ्यासासाठी, आणि त्याहून अधिक ह्यांच्या कुलवृत्तान्तासाठी आला. मूळ गाव, शाखा, कोण कुठे दत्तक गेलं, कोणाला किती मुलं, असं सगळं ते सी-डॅकच्या 'आयलीप'वर टाइप करत. सांगली, मिरज, इचलकरंजी, बडोद्याहून पोस्टकार्डं यायची. रात्री जेवण झालं की ते टायपायला बसत आणि मी शेजारी बसून पोस्टकार्ड वाचून दाखवी. एक पंच करणार, एक तपासणार. आमच्या संसारातला हा सगळ्यात सुखाचा काळ होता.

काम संपलं की विंडोज बंद करायचं. मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटत, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. ती उमटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हे मुलांना पाठ होतं.

२००१ च्या मे महिन्यात एका रात्री अक्षरं उमटायच्या आत लाईट गेले. आले, गेले, पुन्हा आले. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याने आधीच थकलेली होती. ती एकदाच पीं करून गप्प झाली. सकाळी कॉम्प्युटरमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता, जसा घड्याळाचा काटा एकाच जागी अडकावा. नेहरू प्लेसच्या दुरुस्तीवाल्याने कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली. चार शाखांची वंशावळ गेली. फ्लॉपीवर पहिल्या सतरा पानांची प्रत होती, तेवढीच वाचली. हे दोन दिवस जेवले नाहीत.

नवी डिस्क बसवली त्या संध्याकाळी मी ते मशीन रूममधलं वाक्य सांगितलं. चालू यंत्र मरत नाही. ह्यांनी पट्टी लिहिली.

आता मागे वळून पाहते तेव्हा त्यातली चूक मला स्पष्ट दिसते, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. त्या काळच्या हार्ड डिस्कचं टोक बंद होताना चकतीवर टेकायचं, सुरू होताना उचललं जायचं. थोडी झीज व्हायची हे खरं. पण कारखानदार अशा चाळीस-पन्नास हजार उचल-ठेवींची हमी देत. दिवसातून दोनदा चालू-बंद केला तर वर्षाच्या सातशे तीस. पन्नास हजार व्हायला अडुसष्ट वर्षं लागतील. म्हणजे ज्या मरणाची आम्ही भीती बाळगली ते आमच्या नातवंडांच्या काळातलं होतं. खरं मरण होतं ते अवचित जाणाऱ्या विजेत. आणि चोवीस तास चालू ठेवलेला कॉम्प्युटर प्रत्येक वेळी लाईट जाताना चालूच असणार! आठ तास चालणारा निदान दोन तृतीयांश वेळा सुटला असता. मशीन रूममधली रीत मशीन रूममध्ये बरोबर होती, कारण तिच्यामागे वातानुकूलन होतं, पाळीवर जागणारी माणसं होती. मी रीत तेवढी घरी आणली. बाकीचं सगळं तिथेच राहिलं होतं.

खर्चही होताच. डबा आणि काचेचा मॉनिटर मिळून दीडशे वॅटच्या आसपास. मॉनिटर रात्री बंद केला तरी महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटं सहज. आणि प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते. जूनमध्ये खसच्या ताट्या लावलेला कूलर एका खिडकीतून गारवा देई आणि टेबलाखालचा डबा तोच गारवा खाई. मुलगी म्हणायची, आई, हा आपल्या घरातला सातवा माणूस आहे, झोपत नाही आणि घाम आणतो.

यंत्र बनवणाऱ्यांनाही त्या काळी घरचा कॉम्प्युटर न थांबता चालेल असं वाटलं नसावं. विंडोज ९५ आणि ९८ च्या पोटात एक घड्याळ मिलिसेकंद मोजत असे. मोजणी बत्तीस बिटांची, म्हणजे चारशे एकोणतीस कोटींच्या पुढे जागाच नाही. सुरू केल्यापासून बरोबर ४९.७ दिवसांनी ते भरायचं आणि कॉम्प्युटर गोठून जायचा. हा दोष लक्षात यायला १९९९ साल उजाडलं, कारण तोवर पन्नास दिवस सलग चालवतंय कोण?

पुढे कॉम्प्युटर चालू ठेवायची कारणं बदलत गेली. २००५ साली एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं. फोन अडवून, मिनिटं मोजून इंटरनेट वापरायचे दिवस संपले, आणि जोडणी सतत आहे तर कॉम्प्युटरही सतत असू दे, असं तरुण पोरांना वाटू लागलं. शेजारच्या तमिळ मामींचा मुलगा रात्रभर परग्रहावरच्या संकेतांचा शोध घेणाऱ्या 'सेटी अ‍ॅट होम'ला आपला कॉम्प्युटर द्यायचा. १९९९ पासून जगभरच्या लोकांनी घरचे रिकामे तास असे दान केले. मला तेव्हा ते पोरखेळ वाटलं. ते माझं चुकलंच.

पट्टी काढली गेली ती ३० जुलै २०१२ ला. पहाटे अडीचच्या सुमारास अख्ख्या उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, पूर्व आणि ईशान्येसकट. साठ कोटींहून अधिक माणसं अंधारात. पहिल्या रात्री उकाड्याने जाग आली. सेक्टरमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकही पंखा नाही, कूलर नाही. आणि टेबलाखाली यूपीएस पीं पीं करत होता. ह्यांना तेव्हा नीट ऐकू येत नसे. मीच अंधारात चाचपत गेले, कॉम्प्युटर नीट बंद केला. पुन्हा उभी केलेली वंशावळ शाबूत होती. सकाळी ह्यांनी ती पट्टी नखाने खरवडून काढली, काही न बोलता.

२०१६ मध्ये मी निवृत्त झाले. क्वार्टर आता मुलीच्या नावावर आहे. २०१९ च्या ऑगस्टपासून दिल्लीत महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीजबिल शून्य येतं, आणि २०१ वं युनिट जळलं की अर्ध्या सवलतीचं बिल हातात. आमचा हिवाळ्यातला वापर १७०-१८० युनिटं. आजचा कॉम्प्युटर नुसता बसून राहिला तरी साठेक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला चाळीसच्या पुढे. रात्री बंद होतो तोवर आम्ही शून्यात. मुलगी मीटर बघून येते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते, पूर्वी दुधाचा हिशेब लिहायचो तसा.

एकदाच हा नियम आम्ही जाणूनबुजून मोडला. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना नातवाने कॉम्प्युटरवर 'फोल्डिंग अ‍ॅट होम' बसवलं. कोरोनाच्या विषाणूची प्रथिनं कशी घड्या घालतात याचं गणित तुकड्या-तुकड्यांनी घरोघरच्या यंत्रांवर सोडवायचं. त्या वसंतात इतके लोक त्यात उतरले, की सगळे मिळून सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेले. जगातला कुठलाही महासंगणक तिथवर पोचलेला नव्हता. नातवाने मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचंच काम आहे रे. फॉर्म वाटून घ्यायचे, आपापला गठ्ठा पंच करायचा, तोच गठ्ठा दुसऱ्या कुणी तपासायचा. तीन महिने आमचा कॉम्प्युटर अहोरात्र चालला. बिल आलं, ते मी माझ्या पेन्शनमधून भरलं. हे तेव्हा आमच्यात नव्हते. असते तर त्यांनी पुन्हा पट्टी लिहिली असती.

नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो. नऊ दिवस तेल घालायचं, काजळी झाडायची, रात्री उठून बघायचं. त्या दिव्यासाठी कुणीतरी जागं असतं, म्हणून तो अखंड. नवव्या दिवशी खंडेनवमीला कॉम्प्युटर सकाळपासून बंद ठेवते. ओल्या फडक्याने कीबोर्डच्या फटी पुसते, डब्याच्या जाळीतली वर्षाची धूळ मऊ ब्रशने काढते, हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते. शेजारी माझ्यापाशी उरलेलं एकच पंच कार्ड ठेवते; उजव्या कडेला खाच असलेलं. यंदा नातवाने ते उचलून खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, आजी, हे कुणी तपासलं होतं? मला त्या बाईचं नाव आठवलं. कुलवृत्तान्ताच्या शेवटच्या पानावर, नातलग नसलेल्यांच्या यादीत, ते मी दसऱ्याला कॉम्प्युटर सुरू केल्यावर लिहिलं.