रायसिन-ए साखळी : जीवाणूंमार्फत उत्पादन

एरंडाच्या बियांतील रायसिन या जहाल विषाचा एक भाग ई. कोलाय या जीवाणूत तयार करून लस व कर्करोगावरील औषधे यांच्या संशोधनासाठी वापरतात. हेरमान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये डोर्पाट विद्यापीठात रायसिनचा शोध लावला. एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही गुजरातेत होते. विष पाण्यात विरघळते, तेलात उतरत नाही. म्हणून एरंडेल निर्धोक, मात्र पेंड गुरांपासून दूर ठेवावी लागते.

रायसिनच्या दोन साखळ्या असतात. ‘बी’ साखळी पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, मग ‘ए’ साखळी आत शिरून रायबोसोम निकामी करते. या रायबोसोममधील आरएनएचे एकच अ‍ॅडेनीन ती काढून टाकते आणि पेशीचे प्रथिननिर्माण थांबते, हे एंडो व त्सुरुगी यांनी १९८७ मध्ये दाखवले. एकटी ‘ए’ मात्र पेशीत सहजी शिरू शकत नाही.

असे मारक प्रथिन बनवताना जीवाणू स्वतः कसा तगतो? ई. कोलायच्या रायबोसोमवर या साखळीचा परिणाम होत नाही, आणि सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. जीवाणू प्रथिनाला शर्करा जोडत नाहीत, ही एरवीची उणीवही इथे पथ्यावर पडते. बियांतल्या ‘ए’ साखळीवर शर्करा असल्याने यकृत ती रक्तातून झपाट्याने उचलते. जीवाणूजन्य साखळीला हा अडथळा नाही. जीवाणूच्या भित्तिकेतील ताप आणणारे घटक मात्र कसोशीने काढावे लागतात.

प्रतिपिंडाला ही साखळी जोडून कर्करोगपेशींवर सोडण्याचे प्रयोग झाले, पण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा त्रास रुग्णांना झाला. एलन व्हिटेटा यांच्या डॅलस येथील गटाने दोन अमिनो अम्ले बदलली : एका बदलाने मारकता गेली, दुसऱ्याने हा पाझर रोखला. त्यातून ‘रायव्हॅक्स’ ही लस आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत १५ स्वयंसेवक होते. सर्वाधिक मात्रेच्या गटातील पाचही जणांत प्रतिपिंडे तयार झाली.

शेतीत, रायसिनप्रमाणेच रायबोसोम निकामी करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले, पोकवीड वनस्पतीचे विषाणुरोधी प्रथिन महत्त्वाचे. तिचा रस तंबाखूवरील मोझेक रोग रोखतो, हे १९२५ पासून ठाऊक आहे. पण हे प्रथिन जीवाणूंच्या रायबोसोमवरही घाला घालते. त्यामुळे ते बनवणाऱ्या ई. कोलायचीच वाढ खुंटते आणि उत्पादन तुटपुंजे राहते. पिकांसाठी म्हणून वेगळी वाट धरली गेली : १९९३ मध्ये त्याचे जनुक थेट तंबाखू व बटाट्यात घालून विषाणुरोधक झाडे मिळवण्यात आली.