बोअरच्या खाली काय आहे? बालाघाट, किल्लारी आणि अडीच अब्ज वर्षांचा खडक

बीड जिल्ह्यात कधी बोअर घेताना बघितलंय? आधी मुरूम निघतो, मग काळ्या कातळाची राखाडी भुकटी, मध्येच लालसर मांजऱ्या, पुन्हा काळा. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, पाणी कधी लागणार? आज आपण दुसरा प्रश्न विचारू. हा काळा कातळ कुठंतरी संपत असेलच ना? मग त्याच्याखाली काय?

हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. बालाघाटाचे डोंगर, कपिलधारचा कडा, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी, सगळं याच दगडातलं. पण लाव्हा पसरला तेव्हा खाली जमीन होतीच की! ती जमीन कशी होती, हे कळायला एक फार वाईट पहाट उजाडावी लागली.

बीडच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढं लातूरकडं जाते. तिला मिळणाऱ्या तेरणा नदीच्या खोऱ्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर समज असा होता की दख्खन म्हणजे स्थिर भूमी, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही.

मग शास्त्रज्ञांनी किल्लारीतच एक खोल बोअर घेतली, पाण्यासाठी नाही, खडकासाठी. ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या आसपास, बेसॉल्ट संपला. खाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर होता आणि त्याखाली जुना पाया लागला. ६१७ मीटरपर्यंत खडकाचे नमुने काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. वय निघालं अडीच अब्ज वर्षांहून जास्त. म्हणजे वरच्या लाव्ह्याच्या जवळपास चाळीसपट!

आणि खरा धक्का पुढंच होता. एवढ्या वर तर हलका, ग्रॅनाइटसारखा खडक अपेक्षित होता. मिळाला तो जड. त्यातली खनिजं अशी, की जी प्रचंड उष्णता आणि दाबाखालीच तयार होतात. असा खडक कवचाच्या मधल्या भागात, दहा-वीस किलोमीटर खोल असायला हवा. तो अकराशे फुटांवर आला कसा?

बैलगाडीवरून पोती उतरवली की गाडीचा साटा थोडा वर येतो ना, तसंच. वरचा खडक ऊन-पावसानं झिजत, वाहून जात राहिला. ओझं कमी झालं तसं खालचं कवच हळूहळू वर आलं. करोडो वर्षं हे चाललं, आणि मग त्या उघड्या पडलेल्या पायावर लाव्ह्यानं काळी गोधडी टाकली. पाया असा वर उचलला गेलेला असणं आणि इथं ताण साचणं यांचा संबंध आहे, असं यातल्या काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

आता हे आपल्याला कशाला हवं? कारण किल्लारीत माणसं जमीन हलल्यामुळं मेली नाहीत, घरं अंगावर पडल्यामुळं मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार असलेलं माळवद. अशी घरं आपल्याही गावात असतील, आजी-आजोबा त्यातच झोपत असतील. भिंतीला कोपऱ्यात बांधून घेणारे दगड आहेत का, वर पट्टी आहे का, छतावर दरवर्षी माती चढतेय का, एवढं तरी बघून या.

काळा कातळ भक्कम दिसतो, आणि तो आहेही. पण त्याच्याखालची जमीन त्याच्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती अजून पुरती शांत झालेली नाही. पुढच्या वेळी बोअरची गाडी गावात आली, की हे आठवा. भेटू पुढच्या भागात.