थडी, खाजण, बोडी: मराठी मुलखातील पाणथळींची नावे

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने येथे बंधारा घातला तो निव्वळ शेतीच्या पाण्यासाठी. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. तेथून नदीत सोडलेले पाणी नांदूरला अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावकडच्या अवर्षणी पट्ट्यात न्यायचे, अशी ती योजना होती.

नद्यांनी मात्र पाण्याबरोबर गाळही आणला. बंधाऱ्यामागे तो साचत गेला, पात्र उथळ झाले, मध्ये बेटे उठली, कडेने लव्हाळे आणि पाणवेली माजल्या. अभियंत्याच्या दृष्टीने हे नुकसानच. पण पाणपक्ष्यांना उथळ पाणी आणि चिखलच हवा असतो. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांचे थवे येथे उतरू लागले. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी तर शेकड्यांनी दिसतो. १९८६ साली हा परिसर अभयारण्य झाला.

काठच्या गावांनी या साऱ्याला ‘पाणथळ’ हे एकच नाव कधी दिले नाही. काठ म्हणजे थडी. खाणगाव थडी या गावाच्या नावातच ती आहे. पुराने आणून टाकलेली सुपीक जमीन म्हणजे मळई. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात घेतलेले पीक ते गाळपेर, आणि त्यासाठी अशा जमिनी भाडेपट्ट्याने दिल्या जात. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबककडे गेले की पाणी साठते ते भाताच्या खाचरात, आणि लावणीला तिकडे आवणी म्हणतात.

घाट उतरला की नावे बदलतात, कारण पाणीच खारे होते. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन म्हणजे खार किंवा खाजण. अलिबागकडे अशी जमीन उठवणाऱ्याला शिलोत्री नावाच्या पद्धतीने धारा म्हणजे शेतसारा ठरत असे. गोव्यात बांधातले झडपेचे दार म्हणजे मानस. भरतीचा लोट आला की ते मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते. या शेतात कोरगूट हा खारे पाणी सोसणारा भात होतो. बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. ते गोव्यात गावकारी या ग्रामसंस्थेने सांभाळले. मुंबई राज्यात त्यासाठी १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला.

विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, चढउतारांच्या भूमीत पाणी अडवण्याची विद्या कोहळी समाजाची. त्यांच्या मोठ्या तलावांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा नात्यातला नव्हे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप लोकांच्या तोंडी बसले. शेताच्या वरच्या अंगाला खणलेले लहान तळे ती बोडी.

प्रांतागणिक शब्द बदलण्याचा हा प्रकार मराठीपुरता नाही. स्पॅनिशमध्ये स्पेनमधील दोन्यानाच्या नदीमुखाची दलदल ‘मारिस्मा’, क्यूबात ‘सिएनागा’, अँडीज पर्वतावरची ओली कुरणे ‘बोफेदाल’. ‘एस्तेरो’ अर्जेंटिनात विस्तीर्ण दलदल असते, चिलीत मात्र साधा ओढा. या सर्वांना कवेत घेणारा ‘उमेदाल’ हा शब्द करारांच्या स्पॅनिश भाषेत चालतो.

मराठीत ते काम ‘पाणथळ’कडे आले. शब्द जुना, पण त्याचा आजचा व्यापक अर्थ २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणच्या रामसर शहरात झालेल्या करारामागून आला. नैसर्गिक वा मानवनिर्मित, गोडे वा खारे, कायमचे वा हंगामी असे कोणतेही पाणी आणि ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्र, इतके त्यात मावते. नांदूर मध्यमेश्वरचे १,४३७ हेक्टर क्षेत्र महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले. मागोमाग त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आली.

भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांची व्याख्या मात्र आखूड आहे. भातखाचरे, नदीचे पात्र, मिठागरे आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय तिने वगळले आहेत. त्यामुळे इगतपुरीचे खाचर आणि सिंचनासाठी बांधलेला मामा तलाव कागदोपत्री पाणथळ ठरत नाहीत. नांदूरचा जलाशयही सिंचनाचाच. त्याला संरक्षण आहे ते अभयारण्य आणि रामसर या दोन शिक्क्यांमुळे.