अर्ध्या इंचाची चाल

अ‍ॅबिंग्डनला एमजीचा कारखाना १९२९ साली थाटला गेला तो पॅव्हलोव्हा लेदर कंपनीच्या जागेत. जिथे कातडी कमावली जायची तिथे स्पोर्ट्स कार! टी मालिकेच्या त्या गाड्यांत क्लच पेडलपासून खाली दांडी नाहीतर केबल असायची. चाल बिघडली की वाकायचं, नट फिरवायचा, हात पुसायचे. दोष डोळ्यांना दिसायचा.

१९५५ साली एमजीए आली आणि दांडीच्या जागी तेलाची नळी आली. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, खालचा स्लेव्ह क्लचचा काटा ढकलतो. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलत असतं. दांडीला ते सोसत नाही, लवचिक नळीला त्याचं काही नाही. शिवाय एकूण १,०१,०८१ एमजीए बनल्या, त्यांपैकी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या जेमतेम ५,८६९. बाकी सगळ्या परदेशी, बहुतेक अमेरिकेत. स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, नळी वळवली की झालं. कारखान्याला पायाच्या आरामापेक्षा हीच सोय मोठी वाटली असणार, असं माझं मत.

सोय कारखान्याची झाली, पंचाईत मेकॅनिकची. नळीत काय चाललंय ते दिसत नाही.

मी शिकलो कोल्हापुरात, स्टँडर्ड हेराल्डवर. मद्रासला बनणाऱ्या त्या गाडीचा क्लचही तेलावरचा. उस्ताद म्हणायचे, "आधी स्लेव्हचा बूट मागं सार, मग मास्टरला शिव्या दे." ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली तीही हेराल्डच्याच चासीवरून, त्यामुळे इंग्लंडात पहिल्यांदा तिच्याखाली शिरलो तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही.

त्याच वर्षीची एमजीबी मात्र जरा वेगळी, आणि आता माझ्याकडे जास्त येते तीच. क्लच पुरता सुटेना की पहिली खरखर रिव्हर्स टाकताना होते, कारण रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही. मालक लगेच म्हणतो, क्लच प्लेट गेली. मी त्यालाच पेडलवर बसवतो आणि खाली जाऊन स्लेव्हची दांडी बघतो. साधारण अर्धा इंच सरकली तर तेलाचा कारभार ठीक, दुखणं क्लचमध्ये. या गाडीत क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून ही खात्री आधी हवी. दांडी कमी सरकते, पण भराभर पंप केल्यावर चाल वाढते? आत हवा आहे. पेडल दाबून धरलं आणि दांडी हळूहळू मागे आली, बाहेर थेंबही नाही, तर मास्टरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. स्लेव्हचा रबरी बूट सारला आणि तेल टपकलं तर पुढे बघायलाच नको. पेडलमागून ओघळ येऊन कार्पेट भिजलं असेल तर मास्टर बाहेर गळतोय.

सगळ्यात फसवं दुखणं तेलाचं नाहीच. पेडलला मास्टरची दांडी जोडणारी एक छोटी पिन असते. ती झिजते, पेडलचं भोक लांबट होतं. मास्टर बारीक आणि स्लेव्ह जाड असल्याने पायाला जोर कमी लागतो, पण खाली पोचेपर्यंत चालही आखडते. त्यात वरच मिलिमीटरभर वाया गेला की क्लच अडलाच. लोक दोन्ही सिलिंडर नवे घालतात, दोनदोनदा हवा काढतात, आणि खरखर तशीच. पिन चार आण्याची, पण तिच्याकडे बघायचं तर पेडलखाली मान मुरगाळून शिरावं लागतं.

अ‍ॅबिंग्डन १९८० साली बंद पडलं. सुटे भाग अजून मिळतात. तेलावरून मात्र आमच्यात वाद आहेत: सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंग खात नाही, म्हणून हौशी मंडळी त्याच्या बाजूची. मला त्यातली हवा काढताना घाम फुटतो, बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. मी डॉट ४च टाकतो आणि सांडलं तर लगेच धुवायला पाण्याची बादली शेजारी ठेवतो.